खमीसच्या उतारावर आपा

सायकलवर बसण्याआधी आपा खाली वाकायच्या. उजव्या हातातला लोकरीचा मोजा काढून तळहात रस्त्याच्या डांबरावर टेकवायच्या. पोराला ताप आलाय का बघायला कपाळावर हात ठेवावा, तसा. मग मोजा परत चढवत म्हणायच्या, "थंड हाय, पण कोरडा हाय. चल गो बाय."

कधी हाताला बर्फ लागला की तो ओढणीला पुसायच्या आणि मान हलवायच्या. "आज नाय. आज हा आपल्याला पाडणार." त्या दिवशी मग सायकल हाताने ढकलत हॉस्पिटलपर्यंत चालत यायच्या, आणि मी त्यांच्या बाजूने.

तुम्ही म्हणाल, सौदीत कसला आलाय बर्फ? मीही तेच म्हणत होते. कराडहून निघताना आईने सहा सुती साड्या आणि घामोळ्यांची पावडर बॅगेत भरली होती. पण आमचं हॉस्पिटल खमीस मुशैतला, दक्षिणेकडच्या डोंगरात. तिथे हिवाळ्यात पहाटे गाड्यांच्या काचा पांढऱ्या होतात, धुकं खिडकीतून खोलीत शिरतं, आणि एखाद्या दुपारी अशी गारपीट होते की रस्ते झाकून जातात आणि ते साफ करायला बुलडोझर आणावा लागतो. साड्या ट्रंकेत राहिल्या. पहिला स्वेटर मला आपांनी दिला.

आपा आमच्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर. रायगडातल्या एका खाडीकाठच्या गावच्या. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, तेव्हा लहान मुलगी आईच्या ओटीत टाकून त्या इथे आल्या. मुलगी मोठी झाली, मुंब्र्याला नांदायला गेली, तिला मुलं झाली. आपा खमीसमध्येच होत्या. हॉस्पिटलमध्ये हिंदी, इंग्रजी, अरबी सगळं बोलायच्या, पण मी मराठी आहे हे कळल्या दिवसापासून माझ्याशी त्यांनी दुसरी भाषा काढली नाही.

"आमच्याकडे बर्फ म्हणजे काय ठाऊक?" पहिल्या गारपिटीच्या दिवशी त्या मला म्हणाल्या. आम्ही दोघी क्वार्टर्सच्या खिडकीत उभ्या होतो. "बर्फ म्हणजे मासळीवर घालायचा. हे बघ, अल्लानं अख्ख्या गावाला सुरमईसारखं खोक्यात भरून ठेवलंय."

सायकल त्यांच्याकडे आली ती एका फिलिपिनो इंजिनीयरकडून. तो नोकरी सोडून मायदेशी निघाला आणि जाताना ती क्वार्टर्सच्या भिंतीला टेकवून गेला. तेव्हा बायकांनी रस्त्यावर सायकल चालवायची सोय नव्हती. आपा ती कंपाउंडच्या आतच चालवायच्या, उंच भिंतीच्या कडेकडेने, पाण्याच्या टाकीला वळसा घालून. आम्ही नर्सेस गॅलरीतून बघायचो. पन्नाशीची बाई, काळा पायघोळ अबाया कमरेला खोचलेला, खाली पायजमा, चेहऱ्यावर थिएटरमधलाच कडक भाव. हसायची कुणाची छाती नव्हती.

मग दिवस बदलले. बायका गाड्या चालवू लागल्या. एके सकाळी आपा सायकल घेऊन गेटपाशी आल्या. येमेनी वॉचमन खुर्चीतून उठला, आपांकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, परत आपांकडे बघितलं. मग त्याने गेट उघडलं आणि म्हणाला, "यल्ला, सिस्टर."

त्या दिवसानंतर त्यांनी हॉस्पिटलच्या बसचं तोंड पाहिलं नाही. मी एकदा विचारलं, "आपा, बस दारात येते, फुकट. कशाला हा त्रास?"

"जन्मभर मला कुणी ना कुणी नेऊन सोडलंय," त्या म्हणाल्या. "बापानं, नवऱ्यानं, एजंटानं, ह्या बसनं. आता थोडं मीच मला नेते."

क्वार्टर्सपासून हॉस्पिटल चालत वीसेक मिनिटांवर. वाटेत एक मोठा उतार, आणि उताराच्या मध्यावर डोंगर कापून केलेलं वळण. तिथे एका बाजूला दगडी भिंत असल्यामुळे हिवाळ्यात ऊन पोचायचंच नाही. बाकी रस्ता वाळला तरी ते वळण दुपारपर्यंत ओलं आणि चकचकीत. आपा तिथे नेहमी उतरायच्या. रस्ता कोरडा असला तरीही.

याच वळणावर एकदा माकडांनी त्यांना गाठलं. तिकडे डोंगरात आयाळवाली मोठी माकडं असतात. टोळीटोळीने रस्त्यावर उतरतात आणि माणसाला अजिबात मोजत नाहीत. आपा सायकल भिंतीला लावून पुढचा रस्ता चाचपायला गेल्या, आणि मागे वळून बघतात तर एक दांडगा हुप्प्या सीटवर चढून बसलेला, पुढ्यात त्यांचा डबा उघडलेला. आत घावणे. आपांनी मराठीत शिव्या दिल्या, अरबीत दिल्या. तो ढिम्म हलला नाही. हॉस्पिटलमध्ये येऊन त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना राग वेगळ्याच गोष्टीचा होता. "मीठ कमी झालेलं, मला ठाऊक होतं. पण तोंड वाकडं केलंन मेल्यानं!"

पडल्याही होत्या त्या. पहिल्या हिवाळ्यात दोनदा. एकदा रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून, एकदा गटाराच्या लोखंडी झाकणावरून. गुडघा सोलून आल्या आणि स्वतःच पट्टी बांधून ऑपरेशनला उभ्या राहिल्या. मी त्यांना विचारलं होतं, इतकी वर्षं सायकल येते तरी कशा पडलात?

"मी शिकले ती वाळूवर," त्या म्हणाल्या. "दुपारी भाऊ झोपला की त्याची सायकल घेऊन किनाऱ्यावर पळायची. वाळू पाडते ना, ती आधी सांगून पाडते. चाक जड होतं, हँडल डुलतं, तुला कळतं की आता आपण जाणार. बर्फ काय सांगत नाय गो. तू चालवत असतेस, चालवत असतेस, आणि तू खाली असतेस."

मग त्यांचे नियम तयार झाले. चाकात हवा थोडी कमी ठेवायची. सीट खाली घ्यायची, म्हणजे पाय टेकतो. वळणावर हँडल फिरवायचं नाही, उतरायचं. आणि पुढचा ब्रेक? "पुढचा ब्रेक म्हणजे सवत. आपल्या घरात हाय, पण हात लावायचा नाय."

हे सगळं हसतखेळत चाललं होतं तेव्हा हॉस्पिटलात वारं फिरू लागलं होतं. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायची, हे सरकारचं धोरण आम्हाला ऐकून माहीत होतं. आधी ते रिसेप्शनवर आलं, मग फार्मसीत, मग लॅबमध्ये. ज्यांच्याबरोबर कालपर्यंत चहा प्यायलो, त्यांच्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, मुदत संपायची आणि ती वाढायची नाही. एक दिवस प्रशासनाने आपांना बोलावून सांगितलं की थिएटरमध्ये एक सौदी सिस्टर येतेय, तिला तयार करा. तयार झाली की पुढे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्या मुलीचं नाव रीम. नुकती शिकून आलेली, बारीक, घाबरट, हात मात्र मोठे आणि स्थिर. आपांनी तिला पहिला आठवडाभर ट्रॉल्या पुसायला लावल्या. दुसरं काही नाही. प्रश्न विचारला की "बुक्रा" म्हणायच्या, उद्या. आणि उद्या आला की पुन्हा "बुक्रा". मला ते बघवेना. आपांचा असा कोतेपणा मी कधी पाहिला नव्हता.

"आपा, तिची काय चूक?" मी म्हटलं.

"तिची काय नाय." त्या हात धुत होत्या, माझ्याकडे न बघता. "माझी तरी काय हाय?"

त्या नळाखाली हात धरून खूप वेळ उभ्या राहिल्या, धुऊन झाले तरी.

त्यांच्यातली अढी सुटली ती सायकलमुळे. एका संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर रीम स्टँडपाशी उभी होती. तिचा भाऊ तिला न्यायला यायचा होता. आपा कुलूप काढत होत्या. रीमने सीटवर हलकेच बोट फिरवलं आणि इंग्रजीत म्हणाली, "सिस्टर, मला कार चालवता येते. ही येत नाही. घरी भावांच्या चार सायकली होत्या. मी खिडकीतून बघायची."

आपांनी कुलूप खिशात टाकलं. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "बस."

हॉस्पिटलच्या मागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये शिकवणी सुरू झाली. आपा सीट मागून धरून पळायच्या आणि ओरडायच्या, "शुवय्या, शुवय्या! हळू! खाली नाय बघायचं, समोर बघ!" यातलं अर्धं अरबी आणि अर्धं मराठी. रीमला सगळं कळायचं. ती पडली की आपा कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "पडलीस ना? बरं झालं. आता भीती अर्धी गेली." ज्या दिवशी आपांनी सीट सोडली आणि रीम एकटीच पार्किंगच्या टोकापर्यंत गेली, त्या दिवसापासून ती त्यांना खाला म्हणू लागली. अरबीत खाला म्हणजे मावशी. आपांच्या घरीही मावशीला खालाच म्हणतात. आपांनी ते ऐकलं आणि ऐकलंच नाही असं दाखवत चेन तपासायला खाली बसल्या.

थिएटरमधलं शिकवणंही मग खुलं झालं. कुठलं अवजार कधी हातात द्यायचं, सर्जनच्या खांद्यावरून त्याचा राग कसा ओळखायचा, रक्त अचानक वाढलं तर आधी काय करायचं, सगळं. आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, आपा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतायत. एकीने तोंडावर म्हटलं. आपा म्हणाल्या, "अर्धं शिकवलं तर पेशंट मरेल. मग मी कुठल्या तोंडानं राहू आणि कुठल्या तोंडानं जाऊ?"

तरी त्यांना जायचं नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण त्या मला गावाबद्दल आता विचारल्यासारखं सांगायच्या. "गावात थिएटर नाय. मुलीच्या घरी दोन खोल्या. मी तिथं काय करू गो? सकाळी उठून कुणाला तयार करू?"

रीमने तोवर बऱ्याच ऑपरेशनांत हात दिला होता, पण दरवेळी बाजूला आपा उभ्या असायच्या. एकटी ती कधीच उभी राहिली नव्हती. आणि ती वेळ आली ती नेमकी आपांच्या सुट्टीच्या दिवशी.

सकाळपासून आभाळ काळंनिळं झालेलं. दुपारी गारा सुरू झाल्या. पत्र्यावर कुणी खडी ओततंय असा आवाज, एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. थांबल्या तेव्हा बाहेर सगळं पांढरं. गाड्यांच्या चाकांखाली गारा दाबल्या जाऊन रस्त्यावर बर्फाची कडक लादी तयार झाली होती. आणि त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत एक बाळंतीण आली. बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होत चालले होते. सिझेरियन करावं लागणार होतं, लगेच.

सर्जन सुदानी डॉक्टरीणबाई, त्या हॉस्पिटलात होत्या. भूल देणारे होते. मी थिएटरमध्ये वरच्या कामाला, लागेल ते आणून द्यायला. पण अवजारं हातात देणारी सिस्टर म्हणून रीम एकटीच. "खालाला बोलवा," ती म्हणाली.

मी फोन केला. हॉस्पिटलची गाडी उतारावर आडवी झाली होती, ड्रायव्हर पुढे यायला तयार नव्हता. हे मी आपांना सांगितलं.

"मी येते," त्या म्हणाल्या.

"चालत या. आपा, ऐकताय ना? भिंतीला धरून चालत या. सायकल काढू नका."

"हो गो, हो," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

डॉक्टरीणबाई थांबू शकत नव्हत्या. त्यांनी रीमकडे बघून एकच शब्द म्हटला, "बिस्मिल्ला." मी रीमचे हात बघत होते. पहिलं अवजार द्यायला तिला क्षणभर उशीर झाला, दुसऱ्याला कमी, तिसऱ्यानंतर मी बघायचं विसरले, कारण मलाच पळावं लागत होतं. मध्ये एकदा रक्त वाढलं. डॉक्टरीणबाईंनी मागायच्या आत रीमने हवं ते त्यांच्या हातात ठेवलं होतं. बाळ बाहेर आलं, निळसर, गप्प. मग त्याने असा आवाज काढला की भूल देणारे डॉक्टर मास्कमागे हसले.

टाके घालणं चालू असताना दार उघडलं. थिएटरचे कपडे, टोपी, मास्क, आणि डाव्या हाताने उजवं मनगट छातीशी धरलेलं. आपा दारातच उभ्या राहिल्या. रीमने वर बघितलं. आपांनी डोळ्यांनीच तिला सांगितलं, खाली बघ, काम कर. आणि ती करत राहिली. आपा शेवटपर्यंत दाराला टेकून उभ्या होत्या.

नंतर मी त्यांच्या हाताची बाही वर केली. मनगट जेवणाच्या काट्याच्या पाठीसारखं वाकडं झालं होतं. दोन्ही हाडं मोडली होती.

"सायकल काढलीत," मी म्हटलं.

"काढली."

"त्या वळणावर?"

"उतरले नाय. वाटलं, उतरले तर उशीर होईल. आणि ब्रेक मारला. पुढचाच मारला, मेला. समोर गाडी आडवी दिसली आणि हात आपोआप गेला. इतकी वर्षं सगळ्यांना शिकवते, आणि बघ. वर तोंड करून पडले होते, पाठीखाली बर्फ. उठताच येईना. हात टेकला की घसरायचा. मग सरपटत भिंतीपर्यंत गेले. मागून एखादी गाडी घसरत आली असती तर मी संपलेच होते, बाय. ती पोरगी इकडे बाळंत होत होती, आणि मी तिकडे रस्त्यावर मेलेली. कुणाला उपयोग?"

एक्स-रे झाला, प्लास्टर घातलं. खोलीत आणल्यावर छताकडे बघत म्हणाल्या, "गरजच नव्हती गो. सगळं येत होतं तिला. मी शिकवलंय म्हणून मलाच ठाऊक असायला हवं होतं, नाय? पण मला वाटलं, माझ्याशिवाय कसं होईल." मग त्या रडल्या. मोठ्याने नाही. डोळे पुसायला उजवा हात उचलायला गेल्या आणि प्लास्टर कपाळावर आपटलं, तेव्हा आम्ही दोघीही हसलो.

चालत आल्या असत्या तरी बाळ बाहेर यायच्या आत पोचल्या नसत्या, हे मला माहीत होतं. त्यांनाही.

मोडलेल्या हाताने थिएटरला उभं राहता येत नाही. त्यातच त्यांच्या इकाम्याची मुदत जवळ आली, आणि प्रशासनाने पुन्हा बोलावलं. यावेळी स्पष्ट सांगितलं. चांगल्या शब्दांत सांगितलं, निरोप समारंभ करू म्हणाले. आपांनी समारंभ नको म्हणून सांगितलं. रीमला ही बातमी मीच दिली. ती कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले. मला म्हणाली, "मला दुसऱ्या हॉस्पिटलात जागा द्या म्हणून सांगू का त्यांना?" मी म्हटलं, सांगून बघ. तिने खरंच जाऊन सांगितलं. त्याने काही झालं नाही. आपांना ते कळलं तेव्हा त्या तिच्यावर चिडल्या. "वेडी हायस का? तुझ्या घरातून तू जाणार? ही तुझी माणसं. तुझ्या बायका इथं बाळंत होणार."

त्या ज्या सकाळी निघाल्या, त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की जवळच्या अभा शहराच्या विमानतळावरची विमानं उशिरा सुटत होती. रीमने स्वतःच्या गाडीतून आम्हाला नेलं. संपूर्ण रस्ता इतका हळू चालवला की मागचे हॉर्न वाजवत होते. आपांनी एकदा विचारलं, त्या दिवशीचं बाळ कसं आहे. रीम म्हणाली, आई त्याला दाखवायला घेऊन आली होती, गुटगुटीत आहे. "माशाल्ला," आपा म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

विमानतळाच्या दारात थंडी झोंबत होती. प्लास्टरवरून स्वेटरची बाही चढत नव्हती, म्हणून आपांनी खांद्यावरून शाल घेतली होती, आणि ती सारखी घसरत होती. एका हाताने त्यांना ती सावरता येईना. रीमने पर्स माझ्याकडे दिली आणि त्यांच्या पाठीमागे गेली. शालीची दोन्ही टोकं मागे ओढली आणि नीट, घट्ट गाठ मारू लागली. ऑपरेशनला उभं राहणाऱ्या माणसाचा गाऊन मागून बांधतात, अगदी तशी.

आणि आपांनी, त्यांच्याही नकळत, दोन्ही हात कोपरातून वर उचलून समोर धरले. एक हात मोकळा, एक प्लास्टरमधला. कशालाही न शिवता, ताठ उभ्या राहिल्या. गाठ मारून झाली तरी रीम मागेच उभी होती. आपांना स्वतःचे हात दिसले. त्यांनी ते सावकाश खाली घेतले, बॅग उचलली आणि आत गेल्या.